चढ आणि आकडा : सायकलप्रवासाच्या वाङ्मयाविषयी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी हातात जाड वही घेऊन दारात उभा राहिला. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत तो नोकरीस आहे. ('पंचतारांकित' हे विशेषण ऐकून परगावच्या पाहुण्यांस तेथे बड्या हॉटेलांची रांग असेल असे वाटते, प्रत्यक्षात तेथे लोखंड वितळते आणि कापड विणले जाते.) २०२२ सालच्या जुलैत तो तिघा मित्रांसह मनालीहून लेहपर्यंत, व तेथून पुढे खारदुंग ला या खिंडीपर्यंत सायकलीने जाऊन आला. त्या प्रवासाचे वर्णन त्याने वहीत लिहून काढले होते. ते आता छापावयाचे होते, आणि त्यास माझी प्रस्तावना हवी होती. "दोनच पाने द्या, सर," तो म्हणाला.

वही मी दोनदा वाचली. दोन पाने मात्र माझ्या हातून लिहून झाली नाहीत. प्रस्तावनेत जे बोलता येत नाही तेच बोलावेसे वाटू लागले. आणि ते एकट्या या वहीविषयीचे नव्हते, डोंगरदऱ्यांतून सायकलीने हिंडून येऊन लिहिणाऱ्या सर्वांविषयीचे होते. नाव न घेता लिहावयास त्याची संमती आहे.

वहीतील प्रत्येक दिवसाचा आरंभ तीन आकड्यांनी होतो : किती किलोमीटर झाले, किती मीटर चढलो, किती तास खोगिरावर होतो. मग रोहतांग येते, बारालाचा ला येते, गाटा लूप्सची एकवीस वळणे येतात, टांगलांग ला येते. आणि प्रत्येक ठिकाणी दम लागतो, डोके दुखते, वारा समोरून येतो, शेवटी माथा गाठला जातो व पाटीपाशी छायाचित्र काढले जाते. मधली माणसे कोठे आहेत? एके ठिकाणी तंबूतील खानावळ चालविणारी एक बाई येते. तिने चहाचे पैसे घेतले नाहीत, एवढे एक वाक्य तिच्या वाट्यास आले आहे. रस्त्यावर खडी फोडणारे झारखंडचे मजूर येतात. त्यांचेही एकच वाक्य. टांगलांग ला हिला मात्र साडेचार पाने मिळाली आहेत, आणि ती साडेचार पाने वाचून टांगलांग ला बारालाचा लाहून कोणत्या बाबतीत निराळी, हे वाचकास कळत नाही. उंचीचा आकडा तेवढा निराळा आहे.

हा दोष त्या बिचाऱ्याचा एकट्याचा नाही. खारदुंग लाच्या माथ्यावर पुष्कळ वर्षे एक पाटी होती. तीवर १८,३८० फूट ही उंची लिहिलेली असे, आणि जगातील सर्वांत उंच मोटाररस्ता हाच, असा दावाही असे. उपग्रहाच्या साह्याने मोजणी झाली तेव्हा खिंडीची उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरली. पुढे उमलिंग ला या खिंडीतून १९,०२४ फुटांवरून रस्ता निघाला व २०२१ साली गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. म्हणजे आठशे फूट पाटीवरच वाढलेले होते, आणि राहिलेला मानही दुसरीकडे गेला. आता ज्या शेकडो प्रवाशांनी आपल्या वर्णनाचा कळस म्हणून तो आकडा लिहून ठेवला, त्यांच्या लेखनाचे काय झाले? आकडा काढून घेतला तर त्या पानावर काय उरते, ही परीक्षा मी या वहीला लावून पाहिली. फारसे उरले नाही.

आकड्याचा हा मोह जुना आहे व थोरामोठ्यांसही सुटलेला नाही. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याने १८९७ पासून हिंदुस्थानात सायकलीने दीर्घ भ्रमंती केली व १९०४ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. चौदा हजार मैल हा आकडा त्या ग्रंथाच्या नावातच घातलेला आहे. देवळांची वर्णने त्यात मेहनतीने केलेली आहेत. गैरसोयींच्या तक्रारीही तितक्याच मेहनतीने. परंतु मला कुतूहल वाटते ते निराळ्या गोष्टीचे. १८९८ च्या उन्हाळ्यात मैदानी प्रदेशाचा उकाडा असह्य झाला म्हणून ही दोघे हिमालयाकडे वळली, सायकली मागे राहिल्या, आणि डोंगराने त्यांना कायमचे ओढून घेतले. पुढे बाईंचे नाव झाले ते गिर्यारोहणात. १९०६ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्या नुन-कुन पर्वतसमूहातील पिनॅकल शिखरावर चढल्या. पराक्रम निःसंशय मोठा. पण त्यांनी सांगितलेली २३,३०० फुटांची उंची पुढील मोजणीत २२,७३६ फुटांवर आली. दरम्यान ॲनी पेक या दुसऱ्या अमेरिकन बाईंनी पेरू देशातील वास्करान शिखरावर चढून आपणच अधिक उंच गेलो असे म्हणताच, वर्कमनबाईंनी पदरचा खर्च करून मोजणीदार तेथे धाडले व पेकबाईंचे शिखर ठेंगणे असल्याचे सिद्ध करविले! दोन कर्तबगार स्त्रिया, दोन भव्य पर्वत, आणि मध्ये मोजपट्टी. दोघींच्या धैर्याविषयी मला आदर आहे. म्हणूनच हे प्रकरण वाचताना वाईट वाटते.

शर्यतीची गोष्ट वेगळी, हे येथेच सांगून टाकतो. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू यांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली; २०१७ साली नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली; पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेथे आकडा हाच धर्म आहे व तो मोजलाच पाहिजे. परंतु शर्यत करणाऱ्याचे टिपण आणि प्रवाशाचे पुस्तक यांची गल्लत होऊ लागली आहे. शर्यतीत नसलेला मनुष्यही आता घड्याळाशी बोलतो.

गंमत अशी की शर्यतीच्या इतिहासातदेखील लोकांच्या स्मरणात राहिले आहे ते बहुधा आकड्याबाहेरचे. फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली. १९१० साली ती पिरेनीज पर्वतातील तूरमाले या २,११५ मीटर उंचीच्या खिंडीतून नेण्यात आली. १९१३ साली त्या खिंडीच्या उतारावर युजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घ्यावयाची नाही असा शर्यतीचा नियम. तेव्हा सायकल खांद्यावर टाकून तो मैलोगणती डोंगर उतरला, खालच्या गावातील लोहाराच्या शाळेत गेला आणि स्वतः ऐरणीवर घण घालून चिमटा जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. त्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून लोहाराच्या पोराने भाता ओढला; तर तेवढ्या मदतीबद्दल पंचांनी त्यास वेळेचा दंड केला. त्या वर्षी शर्यत कोण जिंकला हे सांगावयास पुस्तक उघडावे लागते. भाता ओढणारे पोर मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या विद्यार्थ्यास ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो धातूचा : चिमटा कोणत्या पोलादाचा होता? मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मला फार आवडला.

फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्त याने या शर्यतीचा विचार महाकाव्य म्हणून केला आहे, आणि व्हाँतू पर्वताला बळी मागणारे दुष्ट दैवत ठरविले आहे. १९५७ साली त्याचे पुस्तक निघाले. दहाच वर्षांनी, १३ जुलै १९६७ रोजी, टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार त्याच पर्वताच्या चढावर कोसळून मरण पावला. तेव्हा बार्तची कल्पना केवळ अलंकार नव्हती असे म्हणावयास हरकत नाही. तथापि ही दैवताची व युद्धाची भाषा आता इतकी स्वस्त झाली आहे की कोणत्याही घाटाला राक्षस म्हणावे, त्याला 'जिंकावे', आणि मोकळे व्हावे. याच व्हाँतूवर १३३६ साली इटालियन कवी पेत्रार्क पायी चढला होता. माथ्यावर त्याने बरोबर आणलेले संत ऑगस्टीनचे पुस्तक उघडले, आणि बाहेरचे डोंगर पाहण्याच्या नादात स्वतःकडे पाहावयाचे राहिले म्हणून तो खजील झाला. चढून गेल्यावर खजील होणारा प्रवासी आज दुर्मिळ आहे.

मग सायकलीच्या प्रवासवर्णनात हवे तरी काय? माझे उत्तर रोखठोक आहे : लेखक कोठे उतरला ते सांगावे. मोटारीतल्या माणसाला चढ कळत नाही. पायी चालणाऱ्याला तो सगळीकडे सारखाच सोबतीला असतो. सायकलस्वाराचे तसे नाही. सपाटीवर तो राजा असतो, उताराला पक्षी होतो, आणि चढावर एक जागा अशी येते की जेथे त्यास खाली उतरून आपले वाहन ओझ्यासारखे ढकलावे लागते. त्या जागेपासून पुढे तो आजूबाजूच्या माणसांच्या बरोबरीस येतो. लोक त्याच्याशी बोलतात, हसतात, एखादा मागून हात लावतो. सायकलप्रवासाच्या साहित्यातील उत्तम भाग बहुधा या पायी अंतरातच घडलेला आहे.

उदाहरणे हवीत? टॉमस स्टीव्हन्स हा सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला गृहस्थ. एप्रिल १८८४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला व ऑगस्टात बॉस्टनला पोहोचला. पुढचे चाक पुरुषभर उंचीचे व मागचे ताटाएवढे, अशी त्याची सायकल. या वाटेचा सुमारे तिसरा हिस्सा आपण पायी चाललो हे तो लपवीत नाही. सिएरा नेवाडा पर्वतात रस्ता बर्फाखाली गेलेला. तेव्हा आगगाडीच्या रुळांवर बर्फ पडू नये म्हणून बांधलेल्या लाकडी मांडवांतून तो सायकल ढकलीत गेला, गाडी आली की अंग चोरून भिंतीला चिकटून उभा राहावयाचा. त्या काळोखातील धूर व धडधड ज्याने अनुभवली त्याला डोंगर म्हणजे काय हे कोणी सांगावयास नको.

मुंबईच्या पारशी तरुणांचे धाडसही याच जातीचे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण मुंबईहून निघाले. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ७१,००० किलोमीटर फिरून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांचे पुस्तक १९३१ साली इंग्रजीत निघाले. फ्रामरोझ दावर १९२४ साली एकटाच निघाला तो सात वर्षांनी घरी आला. या मंडळींनी इराणचे वैराण डोंगर, सीरियाचे वाळवंट, सहारा, अँडीज पाहिले. आणि गावोगावी कोणाच्या तरी दारात रात्र काढली. हे सर्व आपल्याच मुंबईचे, परंतु लिहिले इंग्रजीत, म्हणून मराठी घरांत ती पुस्तके फारशी शिरली नाहीत. त्यांच्या लेखनात अभिमान भरपूर आहे आणि उपदेशही आहे. तरी तो अभिमान मला खटकत नाही. परतंत्र देशातील तरुणांनी जगाला दाखवावे म्हणून मिरविलेला तो होता.

या प्रकारातील सर्वांत चांगले पुस्तक मात्र एका आयरिश बाईचे आहे असे माझे मत आहे. डर्व्हला मर्फी यांना दहाव्या वाढदिवसास सायकल व नकाशांचे पुस्तक मिळाले, आणि हिंदुस्थानला सायकलीने जावयाचे हे त्यांनी त्याच सुमारास ठरविले. आईच्या आजारपणात मध्ये वीस वर्षे गेली. जानेवारी १९६३ मध्ये, युरोपात कडाक्याचे हिव असताना, त्या निघाल्या व जुलैत दिल्लीस पोहोचल्या. अफगाणिस्तानात बसमधील भांडणात बंदुकीचा दस्ता लागून त्यांच्या बरगड्या मोडल्या. गिलगिटहून येताना बाबूसर खिंडीच्या बर्फात सायकल अक्षरशः उचलून न्यावी लागली. १९६५ साली पुस्तक निघाले. त्यात आकडे आहेत, नाहीत असे नाही. परंतु पुस्तक मिटल्यावर आठवतात ती अफगाण खेड्यांतील घरे, तिथला चहा, तिथले पोरेबाळे. आशियातील रस्त्यांवर टिकणार नाहीत म्हणून बाईंनी सायकलीचे गिअर निघण्यापूर्वीच काढून टाकले होते. अर्थात चढावर उतरावे लागणारच. हा त्यांचा निर्णय यंत्राच्या दृष्टीने शहाणपणाचा होता की नाही ते जाणकार ठरवोत. वाङ्मयाच्या दृष्टीने तो लाभाचाच ठरला.

आणि आपल्या भाषेत या सर्वांचा पूर्वज कोण? सायकल येण्यापूर्वीचा एक पायी चालणारा भिक्षुक. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली निघाले ते हिमालय पाहावयास नव्हे, पराक्रमासाठीही नव्हे. घरी दारिद्र्य होते, उत्तरेत बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल असे ऐकले होते, म्हणून ते निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. 'माझा प्रवास' त्यांनी १८८३ साली लिहिला, १९०७ साली तो छापला गेला. मराठी प्रवासवर्णनांत त्याला तोड नाही, याचे एक कारण माझ्या मते हे की तो पोटासाठी केलेला प्रवास आहे. ज्याला जाणे भाग आहे त्याची नजर निराळी असते.

येथे मला त्या वहीतील एका पानाकडे यावयाचे आहे. ते मुद्दामच मागे ठेवले होते.

वहीच्या आरंभी, मनालीच्याही आधी, 'सायकलीची आवड कशी लागली' या मथळ्याखाली एक पान आहे. लेखकाने त्यावर बारीक रेघ मारून ठेवली आहे, म्हणजे छापताना ते गाळावयाचे. त्यात असे आहे : नोकरीच्या पहिल्या वर्षांत तो दूधगंगेकाठच्या आपल्या गावाहून वसाहतीत रोज सायकलीने जात असे. सायकल घरातली जुनी, गिअर नसलेली, हँडलला डबा अडकविलेला. दुसऱ्या पाळीला निघावयाचे म्हणजे ऊन माथ्यावर व पश्चिमेचा वारा तोंडावर. गळिताच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्या चुकवीत जावयाचे. नदीकाठची काळी जमीन संपून माळ लागला की चढ सुरू होई, आणि त्या चढावर एक बाभूळ होती. तेथे सगळेच उतरत. कोणी कोणास सांगितलेले नव्हते, पण बाभळीच्या पुढे सायकलीवर बसून कोणी जात नसे. तेथून माथ्यापर्यंत तो व त्याच कारखान्यातील एक वयस्क कामगार सायकली ढकलीत बरोबर चालत. कारखान्यात भट्टीच्या आवाजात बोलणे होत नसे, सुटल्यावर उतार असल्याने जो तो सुसाट घरी जाई. दोघांचे जे काही बोलणे झाले ते सारे त्या चढावर : मुलीचे लग्न, विहिरीचा वाद, काळ्या वाळूने भरलेली नखे घेऊन पंक्तीला बसण्याची लाज. पुढे त्या कामगाराने जुनी मोटारसायकल घेतली. पहिल्या दिवशी त्याने बाभळीपाशी गाडी थांबविली, हसला, आणि पुढे गेला. त्यानंतर त्यांचे बोलणे झाले नाही. वैर नव्हते, चढ राहिला नव्हता.

हे पान एवढेच आहे. त्यात एकही आकडा नाही. भाषा साधी, दोनतीन ठिकाणी व्याकरण चुकलेले. परंतु मी वर ज्या पुस्तकांची नावे घेतली त्यांच्या पंक्तीत बसण्याची योग्यता या वहीत कोठे असेल तर येथे आहे, आणि लेखकाने नेमके तेच खोडले आहे!

असे का व्हावे? कागलला उदाहरण नाही असे नव्हे. आनंद यादव याच गावचे. १९८७ साली 'झोंबी' निघाली, १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घरचे कष्ट, घरची माती हे वाङ्मयाचे द्रव्य आहे हे त्या पुस्तकाने शाळेतल्या पोरांनाही पटविले. पण आत्मचरित्रात जे मान्य झाले ते प्रवासवर्णनात अजून मान्य झालेले नाही. प्रवास म्हणजे दूरचा, सुट्टीतला, परत येऊन सांगण्याजोगा. रोजचे जाणे तो प्रवास नव्हे, अशी आपली समजूत पक्की आहे. ही समजूत पसरविण्यात माझ्यासारख्या शिक्षकांचाही हात आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गास 'मी केलेला एक प्रवास' हा निबंध दिला होता. एका मुलाने गावाहून कोल्हापुरास कॉलेजात सायकलीने येण्याची हकीकत लिहिली. बाकीच्यांनी महाबळेश्वर, तिरुपती असे लिहिले होते. त्या मुलाच्या कागदाच्या समासात मी तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढून 'हा प्रवास आहे काय?' असा शेरा मारला व गुण कमी दिले. तो मुलगा हाच की दुसरा कोणी, हे आता आठवत नाही, आणि विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

लडाख वर्ज्य करावे असे माझे म्हणणे नाही. माझ्या विद्यार्थ्याने सोसलेला दम खरा आहे, त्या उंचीवरचे निळे आभाळही खरे आहे. रविवारी वसाहतीचे रुंद रस्ते मोकळे असतात, तेव्हा तो व त्याचे मित्र पहाटे तेथे सराव करतात, गगनबावड्यास जाऊन करूळचा घाट उतरून पुन्हा चढतात. ही निष्ठा हौशी माणसाची नव्हे. परंतु ज्याने बाभळीपाशी काय होते ते पाहिले, त्याला तंबूतील त्या बाईविषयी एकच वाक्य का सुचावे? खडी फोडणारे मजूर हे कोणाच्या तरी गावचे, पाळीवर आलेले लोक आहेत, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास कळले असते? तेथे तो पाहुणा होऊन गेला, आणि पाहुण्यासारखेच लिहिले. घरचा चढ बरोबर नेला असता तर टांगलांग लाची साडेचार पाने कदाचित दीडच झाली असती.

वही परत देताना मी त्यास हे सर्व सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. "पण सर, त्या पानात घाट कुठाय?" तो म्हणाला. मी विचारले, बाभळीपासून माथ्यापर्यंत चढ किती आहे? खारदुंग लाची उंची दोन्ही मापांत तोंडपाठ असणारा तो गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिला, व मग म्हणाला, "मोजला नाही कधी." रस्ता रुंद झाला तेव्हा बाभूळही गेली, हे त्याने जाता जाता सांगितले.

प्रस्तावनेचे काय, असे त्याने दारात पुन्हा विचारले. ते पान पुस्तकात राहणार असेल तर लिहितो, असे मी सांगितले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. येत्या जूनमध्ये तो स्पितीस जाणार आहे, आणि त्या तयारीत आहे असे ऐकतो.